टँकरखालचा कोबा

माझ्या दिराचा पाण्याचा टँकर कासारसाईच्या उतारावर बंद पडला, त्याला आता दोन उन्हाळे झाले. आमच्या नांदे गावात अजून त्याविषयी बोलणं निघतं आणि प्रत्येक जण आपापल्या परीने सांगतो. कुणी म्हणतं ड्रायव्हरला डुलकी लागली, कुणी म्हणतं मी इंजिनात साखर टाकली. साखर मी टाकली नाही. मी फक्त फरशी पुसावी तसा माझ्या अंगणातला कोबा पुसत होते. काय झालं ते मी पहिल्यापासून सांगते.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घरापुढचं अंगणही मधोमध वाटलं गेलं, पण भिंत घातली नाही. भिंत कशाला, सख्खे भाऊ आहोत, असं माझा नवरा म्हणाला. धाकट्याने, म्हणजे माझ्या दिराने, ओढ्याकडची जमीन एका बिल्डरला दिली, नवं घर बांधलं, पुढे लाल-पिवळ्या पार्किंग टाइल्स बसवल्या आणि त्यांवर पांढरी गाडी उभी केली. आमच्या बाजूला माती होती आणि पावसाळ्यात चिखल.

मी तेव्हा पिरंगुटला एका कारखान्यात कामाला होते. तिथे बेअरिंग बनायची. बारा वर्षं मी तिथे काढली. आधी धुलाईला होते. मशीनवरून आलेला तेलकट माल टाकीत बुडवायचा, ब्रशने घासायचा, हवेने सुकवायचा. शेवटची चार वर्षं तपासणीला होते. तेल नवं की जळकं, त्यात धातूचा कीस आहे की नाही, हे मला अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून कळायचं. मग तो विभागच बंद झाला आणि आम्हा बायकांना घरी पाठवलं. निघताना जे हातात पडलं त्यातून मी स्वतःसाठी एकच गोष्ट केली. अंगणात कोबा घालून घेतला.

नवरा म्हणत होता की त्यापेक्षा घराला रंग देऊ. मी ऐकलं नाही. मला पापड्या घालायला जागा हवी होती. आमच्या इंद्रायणी तांदळाच्या पापड्या मी दर उन्हाळ्यात करायची, आणि हिंजवडीकडच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या दोन-तीन बायका त्या मागून न्यायच्या. आता नोकरी नव्हती, तर हेच मोठं करायचं असं मी ठरवलं होतं. कोबा ओतला त्या दिवशी मी गवंड्यांच्या मागे मागे फिरत होते. उतार रस्त्याकडे आहे ना, हे तांब्याने पाणी ओतून पाहिलं. पुढचे पंधरा दिवस ओली गोणपाटं अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. गोणपाटं काढली तेव्हा खाली राखाडी, सपाट, थंडगार असा कोबा होता, एक चीर नाही. मी चपला काढून त्यावर चालले. शेजारची म्हातारी बघत होती, तिला वाटलं असेल माझं डोकं फिरलं.

माघ लागता लागता दिराने टँकर आणला. जुना होता, कुणाकडून तरी घेतलेला. सोसायट्यांना उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि दिराच्या विहिरीला पाणी बक्कळ, तेव्हा धंदा चालणार हे उघड होतं. पहिल्याच संध्याकाळी तो टँकर वळून माझ्या कोब्यावर येऊन उभा राहिला.

"भाऊजी, हितं का लावला?" मी विचारलं.

"चार दिस लावतो, वयनी. माझ्याकडच्या टाइल्सला एवढा बोजा सोसायचा न्हाई. तुमचा कोबा दणकट हाय."

चार दिवसांत टँकर हलला नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी तो पाणी भरायला गेला तेव्हा खाली ताटाएवढा काळा डाग दिसला.

मी दिराला सांगितलं. तो म्हणाला, बघतो. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बोलतो. मग एके दिवशी नवराच बादलीत थोडं डिझेल घेऊन आला आणि माझ्या देखत त्या डागावर ओतून खराट्याने घासू लागला. तेलाने तेल निघतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी हात धरेपर्यंत डाग परातीएवढा झाला होता आणि कोब्याने ते सगळं पिऊन घेतलं होतं.

पापड्यांचा हंगाम सुरू झाला होता. मी डागापासून लांब, ओट्याच्या बाजूला धुतलेली लुगडी अंथरली आणि पहिला घाणा घातला. टॉवरमधल्या ज्या बाई सगळ्यात जास्त न्यायच्या, त्या अमरावतीकडच्या. आठवड्याने त्या स्वतः स्कूटरवरून आल्या. पिशवी माझ्या हातात देताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका. पण तळल्यावर याला डिझेलचा वास येऊन राहिला."

मी एक पापडी मोडून नाकाशी धरली. वास होता. मी पिशवी ठेवून घेतली. त्या गेल्यावर सगळा घाणा म्हशीपुढे टाकला, तर म्हशीनेही तोंड फिरवलं.

त्यानंतर मी तो डाग काढायला बसले. आठ दिवस लागले. टँकर दिवसभर फेऱ्यांवर असायचा, तेवढा वेळ माझा. गिरणीतून भाताचं तूस आणलं, डागावर जाड पसरलं आणि पायाने रगडलं. वरवरचं तेल तुसाने ओढून घेतलं. मग उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि तारेचा ब्रश. घासायचं, पाणी मारायचं, पुन्हा घासायचं. फेस आधी काळा निघायचा, मग करडा. तीन दिवसांनी वरचा काळेपणा गेला, पण आत मुरलेलं तसंच होतं. ऊन चढलं की ते वर यायचं आणि कोबा घाम आल्यासारखा तुकतुकीत दिसायचा.

मग मला कारखान्यातली युक्ती आठवली. खडूची भुकटी आणली, रंगाच्या दुकानातून थिनर आणलं, दोन्ही कालवून थालीपिठाच्या पिठासारखा लगदा केला आणि डागावर बोटभर जाडीचा थापला. वर प्लास्टिकचा कागद, कडेने विटा. त्या दोन दिवसांपुरता टँकर मी हातापाया पडून रस्त्यावर लावायला लावला. दुसऱ्या दिवशी लगदा सुकला तेव्हा पत्र्याने खरवडला. पांढरा थापलेला लगदा चहाच्या रंगाचा होऊन निघाला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. पुन्हा थापला. शेवटी तिथे नुसती एक पिवळसर सावली उरली, ती सुद्धा शोधावी लागे.

गुडघे सोलले होते, बोटांची सालं निघाली होती. त्या संध्याकाळी मी ओट्यावर पाय सोडून बसले होते आणि टँकर आला. सरळ त्याच जागेवर येऊन थांबला.

दिराच्या टाइल्सवर खुर्च्या टाकून चार माणसं बसली होती. जमिनीचे व्यवहार करणारी, गावातलीच. माझा नवराही त्यांच्यात होता. मी उठून तिथे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, आठ दिस मी ते घासलंय. आता टँकर हितं लावू नका."

दिराने चहाचा कप खाली ठेवला आणि त्या माणसांकडे बघून म्हणाला, "आमच्या वयनी बारा वर्सं कारखान्यात तेलच पुसत हुत्या. आता नोकरी ऱ्हायली न्हाई, त्यांना करमतंय कुटं? म्हनून मी टँकर हितं लावतो. त्येवढंच हाताला काम."

माणसं हसली. हसू दे, त्यांचं काय. पण माझा नवराही हसला. मोठ्याने नाही, पडत्या आवाजात, भावाला बरं वाटावं म्हणून. मी घरात आले. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी रडले नाही. दिराचं तोंड कसं असतं, त्याचे दात कसे दिसतात, कप ठेवताना त्याने करंगळी कशी उचलली होती, हे मी नीट आठवत राहिले. विसरायचं नाही असं मनाशी ठरवलं.

तरीही खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते फक्त कोबा वाचवण्यासाठी केलं. पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा आडवा कापून घेतला आणि त्याची पसरट परात झाली. संध्याकाळी ड्रायव्हर टँकर लावून खोलीवर गेला की मी वाकून ती इंजिनाखाली सरकवायची. इंजिन गरम असायचं तोवर थेंब भरभर पडायचे, मग सावकाश. पहाटे ड्रायव्हर यायच्या आधी परात ओढून घ्यायची, तेल गोठ्यामागच्या कॅनमध्ये ओतायचं, कोबा एकदा सोड्याच्या पाण्याने पुसून काढायचा.

ड्रायव्हर लातूरकडचा होता. पन्नाशीचा, शांत, कामाशी काम ठेवणारा. माझ्याशी तो 'ताई, येतो' याच्यापलीकडे फारसं बोलत नसे.

आठ-दहा दिवस असेच गेले. शिमग्याच्या आसपास एका सकाळी दीर दात घासत माझ्या बाजूला आला. टँकर नुकताच गेला होता. त्याने कोब्याकडे पाहिलं आणि ब्रश तोंडातून काढून म्हणाला, "बगा वयनी, थांबली की गळती. उगा बोंबलत हुता तुमी."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. परात गोठ्यामागे होती, अजून तेलाने ओली. दहा पावलं चालून दाखवायची होती, बस. त्याच्या चेहऱ्यावर ते खुर्चीतलं हसू होतं, आणि मी तोंड मिटलं.

"व्हय की," मी म्हणाले. "थांबली वाटतं."

त्या दिवसापासून मी कोबा पुसत होते त्याला वेगळं कारण होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वतःची फसवणूक मी केली नाही. आधी मी एकदा पुसायची, आता तीनदा पुसू लागले. आधी थेंबाभोवती एखादं वर्तुळ राहिलं तरी चालायचं, आता मी वाकून, उन्हाच्या तिरिपेत बघून, एकही खूण उरू देत नव्हते. गळती वाढत गेली. आधी वाटीभर निघायचं, मग फुलपात्रभर. चैत्रात एका पहाटे परातीतलं तेल मी सवयीने बोटांवर घेतलं आणि अंगठ्याने घासलं. खरखर लागलं. उजेडात धरलं तर तेलात बारीक चंदेरी चमक होती.

बारा वर्षं हेच काम केलेल्या बाईला ती चमक काय सांगते हे कुणी सांगावं लागत नाही. आत बेअरिंग खाल्लं जात होतं. तेल कमी पडत होतं आणि लोखंड लोखंडावर घासत होतं. अजून काही आठवडे, फार तर महिना, मग इंजिन बसणार.

मी बोटं साबणाने धुतली आणि चहा ठेवला. त्या दिवसांत मला झोप फार छान लागायची. दीर नवा दुसरा टँकर घ्यायच्या गोष्टी करायचा, फोनवर मोठमोठ्याने सोसायट्यांना तारखा द्यायचा, आणि मी पापड्या उलटता उलटता ऐकायची. माझ्या पापड्या आता स्वच्छ होत्या. अमरावतीच्या बाई पुन्हा नेऊ लागल्या होत्या. मनात मी रोज बघायची, दीर भर उन्हात रस्त्याच्या कडेला बंद टँकरपाशी उभा आहे, फोन वाजतायत, आणि ती खुर्चीतली चार माणसं आजूबाजूला उभी राहून हसतायत. हे चित्र मी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात त्याच्या शर्टाचा रंगही ठरलेला होता. त्या चित्रात ड्रायव्हर कधीच नव्हता. त्याचा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

वैशाखात एका दुपारी मी ओट्यावर पापड्या काढत होते. दिराचा फोन वाजला आणि तो चप्पल न घालता बाहेर धावला.

"काय? कासारसाईच्या उतारावं? आरं पर पलटी कसा झाला?"

पलटी हा शब्द माझ्या कानावर पडला आणि हातातली पापडी मोडली.

भरलेला टँकर उतारावर असताना इंजिन धरलं होतं. जागच्या जागी लॉक झालं. चाकं अडली, मागचं पाणी पुढे रेटत आलं आणि टँकर फरफटत चारीत जाऊन आडवा झाला. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. ड्रायव्हरचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला टाके पडले होते. माझा नवरा मोटारसायकल काढून दवाखान्यात गेला. जाऊ माझ्याजवळ येऊन रडू लागली. मी तिला पाणी दिलं. एक क्षण, टँकर गेला हे कळलं तो एक क्षण, माझ्या छातीत काहीतरी उसळून वर आलं होतं, आणि तो आनंदच होता. लगेच ड्रायव्हरचं ऐकलं आणि मी भ्याले. दोन्ही एकाच वेळी आत होतं. एकाने दुसऱ्याला पुसून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टरने तो टँकर ओढून आणला. पुढची काच फुटलेली, एक बाजू चेपलेली. नवरा दवाखान्यातच होता. दिराने हात करून ट्रॅक्टरवाल्याला खूण केली, माझ्या कोब्याकडे.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. "हितं न्हाई."

"वयनी, आज तरी वाद घालू नका. मानूस दवाखान्यात हाय."

"हितं न्हाई म्हनलं ना. थांबा, तुमचं काय काय माझ्याकडं हाय ते देते."

मी गोठ्यामागून एकेक करून चार कॅन आणले आणि त्याच्या टाइल्सवर ओळीने ठेवले. ट्रॅक्टर रस्त्यावर धडधडत होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमच्या इंजिनातलं त्याल."

त्याने एका कॅनचं झाकण काढलं, बोट बुडवलं, बघितलं. धंद्यात मुरलेला माणूस होता, त्याला कळायला वेळ लागला नाही.

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"शिमग्यापास्नं."

"आन् एका शब्दानं बोलला न्हाई?"

"चारचौघांत तुमीच सांगितलं की मला काय काम हाय ते. मी त्येवढंच केलं. पुसलं."

तो मारायला धावेल असं मला वाटलं होतं. मी त्यासाठी पाय घट्ट रोवून उभी होते. पण तो कॅनशेजारी उकिडवा बसला. मी त्याला इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता, आणि मला ते आवडलं. मग त्याने मान वर केली.

"त्यो मेला असता तर, वयनी?"

मी घरात निघून आले. टँकर त्याने त्याच्या टाइल्सवर लावला. टाइल्स कराकरा फुटल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी मी डब्यात मऊ भात आणि वरण घेऊन पिरंगुटला दवाखान्यात गेले. ड्रायव्हर एकटाच होता. त्याची बायको गावाकडून निघाली होती, अजून पोचली नव्हती. उजवा हात छातीशी बांधलेला. त्याने डाव्या हाताने सावकाश चार घास खाल्ले आणि मग आपणहून बोलू लागला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, मी मालकाला तीन येळा सांगितलो. दर दोन दिवसाला त्याल कमी व्हतंय, काडी बुडीवली की कळतंय. त्यालाचा लाल दिवा बी गेलेला. तर मालक मला हाताला धरून तुमच्या दारात न्यायचे. म्हनायचे, हे बघ, आख्खी रात गाडी हितं उभी ऱ्हाती. एक थेंब तरी दिसतोय का? तूच त्याल काढून इकतोस, म्हनले."

मी डब्याचं झाकण हातात धरून बसले होते. दीर त्याला माझा कोबा दाखवत होता. मी घासून, पुसून, उन्हाच्या तिरिपेत बघून स्वच्छ केलेला.

"मलाच वाटाया लागलं की माझं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला. "आता मालक सगळीकडं सांगतेत की ड्रायव्हरनं त्याल चोरलं आन् इंजिन खाल्लं. पुन्हा कोन ठेवील मला?"

मी त्याला सांगितलं. परातीपासून चमकीपर्यंत सगळं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, सलाइनच्या बाटलीकडे बघत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता.

"रोज किती निघत व्हतं?" त्याने विचारलं.

"शेवटी शेवटी तांब्याभर."

त्याने मान हलवली. "मंग माझा अंदाज बरोबर व्हता." आणि थोड्या वेळाने, "तुमी त्यांच्यावर राग काढला, ताई. मधी मी व्हतो."

"तुमी म्हनाल ते मी करते. पोलिसात सांगा, मी न्हाई म्हननार न्हाई."

"पोलिसात जाऊन माझं हाड जुळतंय का? फकस्त मी चोर न्हाई हे सांगा. जितं मला चोर म्हनले तितं."

मी बसने परत आले. त्या संध्याकाळी दिराकडे खुर्च्या होत्याच. तीच माणसं, भेटायला आलेली. फुटक्या टाइल्सवर टँकर आणि त्याच्या सावलीत चहा. दीर सांगत होता की ड्रायव्हरचा भरवसा धरायचा दिवस राहिला नाही. मी पुढे गेले. कॅन त्याने अजून तिथेच, पायरीखाली लपवल्यासारखे ठेवले होते. मी एक ओढून काढला आणि मधोमध ठेवला.

"ड्रायवरनं त्याल चोरलं न्हाई," मी म्हणाले. "गळत हुतं. रोज. मी हितं परात लावून धरत हुते आन् खालचं पुसत हुते. ड्रायवरनं तीन येळा सांगितलं, भाऊजींनी त्याला माझा कोबा दाखवला आन् चोर म्हनाले. मला समदं ठावं हुतं आन् मी बोलले न्हाई, हे बी ऐका. पर चोर त्यो न्हाई."

कुणी हसलं नाही. दिराचं तोंड पांढरं पडलं. त्याला वाटलं होतं, मी माझी लाज राखायला तरी गप्प बसेन, आणि मग सगळा दोष परक्या माणसावर ढकलून तो मोकळा होईल. मी माझी लाज त्याच्या खुर्च्यांमध्ये टाकली होती, आता त्याला ती ओलांडता येत नव्हती. मी ड्रायव्हरसाठी गेले होते हे खरं. पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक शब्द उच्चारताना मला गोड लागला. रोज कोबा पुसतानाही लागला नव्हता इतका.

नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." मी त्याला भाकरी वाढली. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. गावात काही बायकांनी माझ्याकडे येणं सोडलं. दिराने आठ दिवसांत अंगणात मधोमध भिंत उभी केली, पुरुषभर उंच, आणि टँकर भंगारात दिला. जाऊ कधी नळावर भेटली तर खाली बघते, पोरांना माझ्याकडे पाठवत नाही. तिचं मला वाईट वाटतं. दिराचं वाटत नाही. वाटावं म्हणून मी वाट पाहिली, दोन वर्षं पाहिली, पण नाही वाटत.

ड्रायव्हरला त्या चार माणसांपैकीच एकाने पुढे एका शाळेच्या बसवर लावून दिलं. पहिल्या उन्हाळ्यात मी त्याच्या खोलीवर पापड्या पाठवल्या, त्याने त्या परत केल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात ठेवून घेतल्या. सकाळी त्याची बस आमच्या फाट्यावर थांबते तेव्हा मी कधी कधी तिथे असते. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून दाराची वरची कडी तो सीटवरून अर्धवट उठून डाव्या हाताने ओढतो. तेवढ्याला थोडा वेळ लागतो, आणि पोरं खाली उभी राहून थांबतात.